तीनमजली केक आणि एसीची गाडी

"काका, केक माझ्या गाडीतून येणार! असा थंडगार येणार, की वरच्या साखरेच्या नवरा-नवरीला सर्दी झाली पाहिजे!"

सत्यदेवनं ही गर्जना केली मॉरिशसमधल्या ब्रीझे वेर्दिएर गावच्या मराठी मंडळाच्या बैठकीत, चांगली तीस-चाळीस माणसं बसलेली असताना. ज्यांना उद्देशून केली ते हरिलालकाका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, शनिवारच्या मराठी वर्गाचे मास्तर आणि, सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, इंद्राणीचे वडील! सत्यदेवचं गॅरेज तिकडे वर, डोंगरावरच्या थंड क्युरपिपला. तरी दर शनिवारी तो डोंगर उतरून मराठी शिकायला यायचा. दोन वर्षांत एक वर्ग चुकवला नव्हता. बाराखडी त्याची अजून 'थ'पाशी अडली होती, पण वर्गाच्या मध्येच इंद्राणी चहा घेऊन येते ते मिनिट त्याला घड्याळाशिवाय कळायचं.

त्याला इंद्राणीशी लग्न करायचं होतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, हरिलालकाकांनाही. इंद्राणीची ना नसावी असा त्याचा अंदाज होता. तिला प्रत्यक्ष विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"आधी मोठीचं लग्न निर्विघ्न पार पडू दे," काका त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले होते, "धाकटीचा विचार मग. आणि ऐक, जो बोलल्याप्रमाणे करून दाखवतो, त्यालाच मी जावई करीन."

आता मोठीचं, म्हणजे बसंतीचं लग्न नोव्हेंबरात आलं होतं आणि काकांची झोप उडाली होती ती केकमुळे. त्याचं असं झालं, की आदल्या वर्षी शेजारच्या बलरामच्या मुलीचा केक क्युरपिपहून टॅक्सीनं निघाला. वर होता तेव्हा तीन मजले. खाली इकडे फ्लाक जिल्ह्याच्या उन्हात पोचला तेव्हा तळमजलासुद्धा शिल्लक नव्हता! पाहुण्यांनी तो वाटीतून खाल्ला. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसले होते हरिलालकाका. आता बलराम वर्षभर दबा धरून बसला होता.

"गाडीत एसी?" बलराम मागून ओरडला. "तुझ्या त्या डब्यात? त्यात हाय काय? इंजिन तरी हाय का?"

"इंजिन हाय! आणि एसीबी बसंल! पा त्राकासे!" सत्यदेव म्हणाला. काळजी करू नका, असं बेटावरच्या क्रेओल बोलीत म्हणायची त्याला सवयच होती. ज्या ज्या वेळी तो ते म्हणायचा, त्या त्या वेळी शहाणी माणसं काळजी करायला लागायची.

गाडीबद्दल सांगायलाच हवं. लाल रंगाची, दोनच सीटची, जमिनीला लागलेली स्पोर्ट्स कार. स्वातंत्र्याच्या वेळी कुणी इंग्रज साहेब ती मागे टाकून गेला होता. साहेब गेला आणि इंजिननंही मान टाकली. सत्यदेवनं मग तिच्यात पाव वाटणाऱ्या एका व्हॅनचं इंजिन बसवलं. इंजिन उंच पडलं, म्हणून बॉनेटला भोक पाडलं. त्यामुळे ही गाडी दिसायची रेसची आणि ऐकू यायची पावाची! ती गल्लीतून गेली की दोन-चार बायका अजूनही पिशवी घेऊन दारात यायच्या.

अशा गाडीत एसी बसवायचा म्हणजे कोंबडीच्या खुराड्यात आजोबांना झोपवायचं. पण सत्यदेवच्या मदतीला देवराज होता. देवराज म्हणजे क्युरपिपचा फ्रीज दुरुस्त करणारा, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. एका साखर कारखान्याच्या मॅनेजरची मोठी गाडी भंगारात निघाली होती, तिच्यातला एसी दोघांनी उपटून आणला. कॉम्प्रेसर बसवायला जागा नाही, म्हणून बॅटरी काढून सीटच्या मागे ठेवली. एसीची ती मोठी जाळी रेडिएटरच्या तोंडासमोर गच्च बांधून टाकली. हवा आत आणायला न्हाणीघराचे पाइप लावले. कापडी टपातून गारवा निसटू नये म्हणून पत्र्याचं टप ठोकलं, खिडक्यांना प्लास्टिकच्या काचा स्क्रूनं कायमच्या जाम केल्या, आणि दारांना देवराजनं जुन्या फ्रीजची रबरं चिकटवली. हात आखडता न घेता, अख्खा डबा सोल्यूशन ओतून!

शनिवारी संध्याकाळी देवराजनं हात पुसले. "बाकीचं सोमवारी बघू," म्हणाला आणि घरी गेला.

सोमवारपर्यंत थांबेल तो सत्यदेव कसला! रविवारी सकाळीच त्यानं गाडी काढली, बटण दाबलं, आणि न्हाणीघराच्या पाइपातून असा गार झोत आला की अंगावर काटा! बाहेर क्युरपिपची नेहमीची झिमझिम चालू होती. सत्यदेवनं अख्ख्या बाजाराला त्या गाडीत बसवून आणलं. कापडवाला बसला आणि कुडकुडत उतरला. शेजारची आजी बसली, तिनं शाल मागितली. "बर्फ!" सोमवारी सत्यदेवनं देवराजला दुकानाच्या दारातूनच ओरडून सांगितलं. "बर्फ पडतोय आत! काम झालं!" देवराज जरा चकित झाला, पण चालू आहे तर चालू आहे, म्हणून तो एका हॉटेलच्या फ्रीजकडे वळला.

लग्न त्याच आठवड्यात, रविवारचं. शनिवारी सकाळी हरिलालकाका स्वतः क्युरपिपला आले. नवा सूट, टाय, चकचकीत बूट. केकवाल्यानं तीनमजली केक बाहेर आणला. गुलाबी लोण्याचं क्रीम, मजल्यांमध्ये पांढरे खांब आणि शिखरावर साखरेचे नवरा-नवरी. गाडीत सीटं दोनच, तेव्हा केक जाणार तो काकांच्या मांडीवर, हे उघड होतं. नवरीचं डोकं टपाला लागत होतं. काकांनी ती जोडी उपटून मुठीत धरली.

"काका, आता दार लावतो हां. दाबून लावावं लागतं."

दार लागलं. थप्प! दोन मोठे फ्रीज एकदम बंद झाल्यासारखा आवाज झाला.

"उत्तम!" काका म्हणाले. "खरोखर शीतल आहे हो! सत्यदेव, तू माझा मान राखलास!"

सत्यदेवची छाती फुगली. आज वाटेतच बोलायचं, त्यानं ठरवलं. त्यानं आठवडाभर एक वाक्य पाठ केलं होतं, काकांना आवडेल असं, शुद्ध: 'काका, आपल्या कनिष्ठ कन्येचा मी हात मागू इच्छितो.'

वाटेतल्या कार्तिए मिलितेर गावापर्यंत सगळं झकास. मग उतार लागला, ढग मागे राहिले आणि ऊन पडलं.

"सत्यदेव, शीतलता किंचित कमी झाली काय?"

"ऊन लागलं म्हणून, काका. आत्ता पकडंल बगा. पा त्राकासे!"

पुढच्या वळणावर उसाचा ट्रक आडवा आला. कापणीचे दिवस, अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, आणि समोर हा ट्रक गोगलगायीला लाजवत चाललेला. सत्यदेवची गाडी त्याच्या मागे रांगायला लागली. रेडिएटरच्या तोंडावर ती एसीची जाळी, मग इंजिनला वारा कुठून मिळणार? पाण्याचा काटा हळूहळू चढला. लाल रेघेला लागला.

न्हाणीघराच्या पाइपातून आता येत होती ती सरळ सरळ तव्यावरची वाफ!

"हे काय आहे?" काकांनी विचारलं. त्यांच्या भुवयांवरून थेंब केकमध्ये पडला.

"काका, इंजिन तापलंय. थांबलो तर पाणी उकळंल, डोकंच फुटंल त्याचं. एकच उपाय हाय." सत्यदेवचा हात एका दांडीकडे गेला. "हीटर लावाय लागंल."

"काय लावावे लागेल?"

"हीटर. म्हंजे इंजिनची उष्णता इकडं आत येती अन् इंजिन वाचतं. इंग्रज साहेबाची गाडी हाय ना, तिला हीटर हाय!"

आणि त्यानं तो लावला, पूर्ण! त्या क्षणी मॉरिशस बेटावर एसीही चालू आणि हीटरही चालू अशी ती एकमेव गाडी असावी.

वरचा मजला डुलला. मग सावकाश, काकांच्या टायवर टेकला. दुसऱ्या मजल्याचे खांब वाकले. गुलाबी क्रीम काकांच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं.

"खिडकी! खिडकी उघड!"

"ती स्क्रूनं जाम हाय, काका."

"मग दार!"

सत्यदेवनं गाडी कडेला घेतली, दार ढकललं. खांदा लावला. दार ढिम्म! उन्हानं सोल्यूशन पातळ झालं होतं आणि फ्रीजच्या रबरानं चौकटीला असं कडकडून धरलं होतं की विचारू नका. काकांच्या बाजूचंही तेच. इंजिन मात्र फुरफुरायला लागलं, तेव्हा त्यानं पुन्हा गाडी हाकली. आता गावातच कुणीतरी बाहेरून ओढून काढेल!

आणि इथं सत्यदेवच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. उष्णतेनं माणूस भ्रमिष्ट होतो म्हणतात. आठवडाभर पाठ केलेलं वाक्य तोंडापर्यंत येऊन बसलं होतं, ते सुटलं.

"काका, आपल्या कनिष्ठ कन्येचा मी..."

"दिली!" काका किंचाळले.

"म्हंजे, हात..."

"हात, पाय, सगळी दिली! दार उघड! आयो मामा, मो पे क्वी! उव्हेर लापोर्त!"

मी शिजतोय, दार उघड! दोन वर्षांत सत्यदेवनं काकांच्या तोंडून क्रेओलचा एक शब्द ऐकला नव्हता. वर्गात क्रेओल बोलणाऱ्याला ते बाहेर उभं करत. आता ते एका दमात अशी क्रेओल बोलले, की ऊस तोडणाऱ्या बायकांनी कोयते खाली ठेवले.

गाडी हॉर्न वाजवत, वाफा सोडत लग्नघराच्या मांडवाशी पोचली. पाव आला असं समजून तिघीचौघी पुढं आल्या आणि आत बघून किंचाळल्या! प्लास्टिकच्या काचेला आतून एक गुलाबी पंजा चिकटला होता. स्वयंपाक्यांनी मोठ्या कढईतले लांब झारे आणले, फटीत घातले आणि दोघांनी लोंबकळून दार उचकटलं. हरिलालकाका बाहेर आले. सूट गुलाबी, मिशा गुलाबी. मुठीत नवरा तेवढा उरला होता, नवरी विरघळली होती.

बलराम वाटी-चमचा घेऊनच आला होता. पण काकांची दशा पाहून त्यानं वाटी पाठीमागे लपवली आणि एक खुर्ची पुढे केली.

लग्नाच्या तयारीला देवराज आधीच आला होता. त्यानं इंजिनपाशी वाकून पाइपला हात लावला. "सत्या, हिच्यात ग्यास कुणी भरला?"

"तूच की!"

"मी कुठं? मी सोमवारी भरणार व्हतो! तू म्हणालास बर्फ पडतोय, मला वाटलं दुसऱ्या कुणाकडनं भरून घेतला!"

"मग आठवडाभर ते गार काय लागत व्हतं?"

"क्युरपिप!" देवराज म्हणाला.

मांडवात हशा पिकला. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी टाय पुसला, खुर्चीवरून उठले आणि पुन्हा पुस्तकी मराठीत शिरले. "मंडळी! गाडीत मी एक शब्द दिलेला आहे. परिस्थिती अवघड होती, तरीही शब्द तो शब्द. इंद्राणी सत्यदेवला दिली!"

सत्यदेवचा चेहरा क्रीमखालूनही उजळला. त्याच वेळी हळदीचं ताट घेऊन इंद्राणी पुढे आली.

"दिली? दार उघडायच्या बदल्यात?" ती म्हणाली. "शब्द बाबांनी दिलाय ना? मग बाबांशीच कर लग्न!"

"अगं, पण मी तर..."

"मला कुणी विचारलंय?"

सत्यदेवनं मनात हिशोब केला. दोन वर्षं! दोन वर्षं चहा पीत बसलो आणि हिला एकदा विचारलं नाही. त्याला खरोखरच वाईट वाटलं. त्या गाडीतल्यापेक्षा जास्त घाम आता फुटला.

"इंद्राणी," तो म्हणाला. शुद्ध मराठीतलं काही आठवेना. "करशील?"

तिनं त्याच्या केसांतला खांबाचा तुकडा काढून टाकला. "आधी बसंतीसाठी दुसरा केक आण. एकच मजला असला तरी चालंल, पण उभा आला पायजे. आणि बसनं जा!"

सत्यदेव धावत सुटला. दीडची बस त्यानं सुटता सुटता पायरीवर चढून पकडली. क्युरपिपच्या केकवाल्याकडे दुसऱ्या कुणाच्या वाढदिवसाचा केक तयार होता, तो त्यानं हातापाया पडून मिळवला. परतीच्या बसला खिडक्यांच्या निम्म्या काचाच नव्हत्या. कंडक्टरनं केक पुढच्या सीटवर ठेवून घेतला, एका बाईनं वर छत्री धरली, उताराला ड्रायव्हरनं तीनदा विचारलं, "उभा हाय का?" आणि अख्ख्या बसनं उत्तर दिलं, "हाय!"

दिवस मावळता मावळता सत्यदेव खोका घेऊन मांडवात आला. इंद्राणीनं झाकण उघडलं, चारी बाजूंनी फिरून बघितलं. वरचं कुणा लहान मुलाचं नाव तिनं चमच्यानं पुसून टाकलं.

"उभा हाय," ती म्हणाली.

"आणि माझं?"

"तुझं? हो," इंद्राणी म्हणाली आणि झाकण लावलं. "पण आपल्या लग्नात लाडू!"