वकिलांनी मागितलेला फोटो

नरेंद्र स्टुलावर चढून कपाटावरची पेटी उचकत होता, पण कान सगळे दाराकडे लागले होते. आई शेजारी हौसाबाईंकडे गेली होती. ती परतायच्या आत लग्नाचा अल्बम शोधून त्यातला एक फोटो लांबवायचा होता. रिसोडच्या वकिलांनी बजावलं होतं, "नवरा-बायको दोघंही स्पष्ट दिसतील असा फोटो आणा. लग्न झाल्याचं दाखवल्याशिवाय मोडणार कसं?"

सुचिता वर्षाहून जास्त काळ कामरगावला माहेरी होती. ती बी.एड. करतेय, असं दोन्ही घरी सांगितलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. फक्त बी.एड. संपल्यावर ती सासरी केनवडला परतणार नाही, एवढंच सांगायचं राहिलं होतं. मोठं भांडण असं कधी झालंच नाही. दोघांचं बोलणं कमी होत होत वांग्याच्या भावापुरतं उरलं आणि मग तेही संपलं. दोघांनी समजुतीनं घटस्फोटाचं ठरवलं. नरेंद्रच्या आईला, गोमतीबाईंना कुणी सांगायचं, ते मात्र ठरत नव्हतं. त्यांना बी.पी. होतं. नुसतं 'वकील' ऐकलं तरी आई खाली कोसळेल, या धास्तीनं नरेंद्रची झोप उडाली होती.

अल्बम हाती लागला आणि मागून आवाज आला, "काय शोधून राह्यला रे?"

स्टूल डगमगलं. "काई नाई. अल्बम पाहू म्हनलं."

गोमतीबाईंनी त्याच्या हातातल्या अल्बमकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"म्हंजे तुह्या ध्यानात हाये! गुरुवारी तुमच्या लग्नाले पाच वर्षं होते. मले वाटलं, इसरला."

तो विसरलाच होता. गुरुवारी तर वकिलांकडे सह्या करायच्या होत्या.

"आई, त्याचं काय एवढं..."

"काहून नाई? सुनबाईले बोलावू. थांब, मीच फोन लावतो."

त्यांनी त्याच्यासमोरच कामरगावला फोन लावला. सुचिताचे वडील भागवतराव पलीकडून ओरडलेच, "येतो ना बाई! सुचिताले घेऊनच येतो!"

थोड्या वेळानं सुचिताचा फोन आला. "हे काय करून ठेवलं तुमी?"

"म्या काई नाई केलं. फोटो काढाले गेलो न् आईनं धरलं."

"मंग सांगून टाका त्याईले."

"तू तुह्या बाबाले सांग अगोदर."

 शेवटी सुचितानंच मार्ग काढला. केक आणायच्या निमित्तानं दोघांनी गाडीवर रिसोडला जायचं, सह्या करायच्या आणि केक घेऊन परत यायचं.

गुरुवारी सकाळी दोघं वकिलांच्या दारात उभे राहिले, तर दाराला कुलूप. वकीलसाहेब कोर्टाच्या कामाला वाशिमला गेले होते. परतताना केक सुचिताच्या मांडीवर होता आणि मे महिन्याच्या उन्हात तो एका अंगानं बसत चालला होता.

"घरी कोनी काई इचारलं त?" नरेंद्रनं मान न वळवता विचारलं.

"हसा. नाई जमलं त खोका."

अंगणात अर्धं गाव जमलं होतं. हौसाबाईंनी हार आणले होते. भागवतराव तर जावयाला मिठी मारून रडलेच.  हौसाबाईंच्या सायलीनं फोटो काढायला त्याचाच मोबाईल मागून घेतला. "वहिनी, भरवा ना! दादा, तोंड उघडा!" नरेंद्रला हसू जमेना म्हणून तो खोकला, आणि केक सुचिताच्या पदरावर उडाला. सगळे खदाखदा हसले. सुचिताही हसली, आणि ते तिचं तिलाच नवल वाटलं.

पाहुणे पांगले तसा वकिलांचा फोन आला. नरेंद्र लगबगीनं आतल्या खोलीत शिरला, मागोमाग सुचिताही आली.

"हे काय स्टेटस ठेवलंय तुम्ही?" वकील कडाडले.

"कोनतं स्टेटस?"

"गळ्यात हार, एकमेकांना केक! अहो, दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचा तर वर्षभर वेगळं राहिल्याचं सांगावं लागतं. उद्या कोर्टात हे निघालं तर मी काय तोंड दाखवू? आजपासून नव्यानं वर्ष धरा, मग या."

नरेंद्रनं मोबाईल बंद केला. सुचिता मटकन खाटेवर बसली. "अजून एक वर्ष?"

तेवढ्यात गोमतीबाई रिकाम्या प्लेटा घेऊन दारात आल्या.

"काय म्हनते वकील?"

आई आता पडणार म्हणून नरेंद्रनं दोन्ही हात पुढे केले. गोमतीबाईंनी त्या हातांत प्लेटा ठेवल्या.

"मांगच्या हप्त्यात तू मळ्यात होता न् फोन घरी. त्याले वाटलं, सुचिताच बोलून राह्यली. मी आपलं हो हो म्हनत गेलो. गुरुवारच्या सह्यांचं त्यानंच सांगतलं न् वर्षभर येगळं राहाचं बी. बोलते चांगला. स्टेटसचं सायलीले म्याच सांगतलं."

नरेंद्र प्लेटा धरून तसाच उभा राहिला. सुचिताचा चेहरा लालबुंद झाला.

"आई, मले एक डाव इचारा लागत होतं तुमाले."

"इचारलं असतं त आली असती का?"

बाहेरून भागवतरावांची हाक आली, "सुचिता! जीप निंगून राह्यली वं!"

सुचितानं पदर खोचला आणि नरेंद्रकडे वळली.

"बाबाले सांगा, पुढच्या जीपनं येतो. पयले आईसंगं भांडाचं हाये."