सरकारी प्रणाली आणि बायकांची मापं

सरकारने ठरवलं की विकतची सॉफ्टवेअर आता पुरे झाली; यापुढे सगळ्या कचेऱ्यांत फुकटातलं, सगळ्यांसाठी खुलं असलेलं सॉफ्टवेअर वापरायचं. ठरवायला सरकारचं काय जातं? आधी कुणीतरी घरी वापरून बघा, असं साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, आणि नेमकी तेव्हाच हेडक्लार्कची मान डुलकीने खाली गेली. साहेबांनी तो होकार समजून टाळ्या वाजवल्या. (त्या टाळ्यांनीच तो जागा झाला.)

घरी कॉम्प्युटर एकच. बायको शिवणकाम करायची, तिच्या गिऱ्हाइकांची सगळी मापं त्यात होती. रविवारी ती कापड आणायला बाहेर पडली आणि याने साहेबांनी दिलेला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर प्रश्नामागून प्रश्न येऊ लागले. आता, उभ्या हयातीत याने समोर आलेला कागद कधी वाचला नव्हता. खाली जागा दिसली की सही ठोकायची, वाचायचं काम वरच्यांचं, ही त्याची शिस्त. डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का, या प्रश्नालाही त्याने त्याच शिस्तीत 'हो' केलं. मशीनने 'नक्की ना?' असंही विचारलं. कचेरीत याला इतक्या आपुलकीने कुणी काही विचारत नसे. त्याने पुन्हा 'हो' केलं.

बायको परतली तेव्हा पडदा निळाशार, स्वच्छ होता. ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही, कुणीही आत डोकावावं, दुरुस्त करावं, वाटावं, असं व्याख्यान त्याने सुरू केलं.

"मापं कुठायत?" बायको म्हणाली.

"अगं, तेवढं सोडलं तर सगळं फार वेगवान झालंय."

ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती मटकन खुर्चीत बसली. महिला गायनमंडळाचे ड्रेस शनिवारी द्यायचे होते, कापड आजच कापायला हवं होतं, आणि नाक्यावरच्या शिंप्याच्या तोंडचा घास काढून हे पहिलं मोठं काम तिने मोठ्या हिकमतीने मिळवलं होतं.

"अहो, बघत काय राहिलात? मी कापते, तुम्ही फोन लावून मापं विचारा. प्रत्येकीला."

परक्या बाईशी कसं बोलावं ते याला ठाऊक नव्हतं. सरकारी पत्र कसं लिहावं ते ठाऊक होतं. "आपल्या कमरेबाबतची अद्ययावत माहिती तातडीने मिळावी, ही विनंती," असं तो म्हणे. दोघींनी फोन आपटला. एकीच्या नवऱ्याने याचा पत्ता मागितला. साहेबांची बायकोही मंडळात होती; तिच्याशी तो उभा राहून बोलला. अखेर सगळी मापं मिळाली. ती ऐकून गायनमंडळ शाळकरी मुलींचं असावं, असं वाटत होतं. बायकोला शंका आली, पण वेळ कुठे होता?

शनिवारी ड्रेस गेले. एकीलाही धड श्वास घेता येईना. पण तक्रार कोण करणार? माप जिने तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कार्यक्रमात वरचा सूर कुणाचाच लागला नाही, पण सगळ्यांनी बायकोचं तोंडभरून कौतुक केलं आणि पुढचंही काम तिलाच दिलं.

सोमवारी हेडक्लार्कने साहेबांना छाती फुगवून सांगितलं, की प्रयोग यशस्वी, एकही तक्रार नाही.

साहेबांनी उठून दार लावलं.

"एक आहे. तुम्हाला सांगितलेल्या मापात बसायचंच, असं आमच्या घरी ठरलंय. तेल बंद. उकडलेला दुधी, दोन्ही वेळा, सगळ्यांना."

ड्रेस थोडा सैल करून देऊ का, असं याने अदबीने विचारलं.

"मी काल तेच सुचवलं," साहेब म्हणाले. "आजपासून मीठही बंद."

एवढं बोलून त्यांनी स्वतःचा डबा टेबलावरून याच्याकडे सरकवला आणि याचा आपल्याकडे ओढून घेतला. ती अदलाबदल मग रोजचीच झाली.

संध्याकाळी बायकोने हौसेने विचारलं, आजची भाजी कशी झाली होती?

"उद्या साहेबांना विचारून सांगतो," तो म्हणाला.