कॉम्प्युटरचा स्वेटर

या दुरुस्तीतून भाऊजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. गेलेली अब्रू! नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला नळ "दोन मिनिटांत" दुरुस्त केला होता. खालच्या मजल्यावरचे लोक अजून जिन्यात भेटले की वर छताकडे बघतात. तेव्हापासून सासरी त्यांच्या हाती कोणी स्क्रू-ड्रायव्हर सोडाच, सांडशीसुद्धा देत नाही.

त्यामुळे रविवारी सकाळी आमचा जुना कॉम्प्युटर बंद पडतोय हे कळताच भाऊजी पेटी घेऊन हजर!

"अर्ध्या तासाचं काम," ते म्हणाले. भाऊजी पाणीपुरवठ्यात पंपांची देखभाल करतात. "पंप असो की कॉम्प्युटर, आत काहीतरी अडकलेलं असतं. एवढंच!"

अडकली होती खरं तर माझी बायको. ती शिक्षिका. बेचाळीस मुलांच्या प्रगतिपुस्तकांचे शेरे तिला संध्याकाळी पाचच्या आत शाळेच्या संकेतस्थळावर भरायचे होते. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा मुदत वाढवून दिली होती. दुसऱ्यांदा मागायला जाण्यापेक्षा हिने नोकरी सोडली असती. त्यात ते पान असं आडमुठं की मोबाइलवर उघडत नाही आणि बेचाळीसच्या बेचाळीस शेरे भरल्याशिवाय एकही जपून ठेवत नाही. सकाळी सतराव्या मुलापाशी पडदा गोठला, कॉम्प्युटरचा डबा स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि सतराही मुलं कोरी!

भाऊजींनी डब्यावरचं आवरण काढून आईच्या हाती दिलं. हे आवरण आईने विणलेलं. दुहेरी लोकर, आतून अस्तर, मागच्या बाजूला मोठा लाल गुलाब आणि पुढे बटणापुरतं काजं. हिवाळाभर खपून तिने ते गेल्याच आठवड्यात डब्याला चढवलं होतं. त्याच आठवड्यापासून डबा बंद पडत होता. पण या दोन बातम्या आमच्या घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होत्या.

डबा उघडला. रॅमची पट्टी काढून भाऊजींनी ती खोडरबराने अशी घासली, जशी पहिलीतल्या पोराने चुकलेली बेरीज पुसावी! पट्टी परत बसवली. अर्धा तास डबा उघडाच ठेवून आम्ही पहारा दिला. एकदाही बंद पडला नाही!

"बघा! अडकलं होतं!" भाऊजींनी चहा मागितला. आईने तो बिस्किटांसकट दिला. अब्रू परतीच्या वाटेला लागली होती.

बायको लिहायला बसली. भाऊजींनी झाकण लावलं. आईने मायेने आवरण चढवलं, "धूळ बसते बाई." एकतिसाव्या मुलापाशी पडदा गोठला.

बायको नुसती भाऊजींकडे बघत राहिली. भाऊजींनी बिस्कीट बशीत परत ठेवलं.

"विजेचा दोष!" ते म्हणाले. "या खोलीतला बोर्डच कच्चा आहे."

मग वरात बाहेरच्या खोलीत! भाऊजींनी डबा उचलला, मी पडदा, बायकोने तारा. उचलताना मध्ये नको म्हणून आवरण काढून ठेवलं. जेवणाच्या टेबलावर डबा तासभर घोड्यासारखा पळाला. जेवायला म्हणून बायको उठली, आणि आई आवरण घेऊन आली. "उघडा-वाघडा ठेवलाय बिचाऱ्याला!"

पुढे काय झालं ते सांगत नाही.

एव्हाना शेऱ्यांची प्रकृतीही खालावली होती. सकाळी एका मुलाबद्दल हिने लिहिलं होतं, "वाचनाची गोडी आहे, वर्गात बोलणे थोडे कमी केल्यास अधिक प्रगती होईल." दुपारी त्याचं झालं, "बोलतो फार." तिसऱ्या खेपेला नुसतंच, "बडबड्या."

पावणेतीनला मी निमूटपणे दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "मागच्या पंख्याची हवा बाहेर पडायला जागा आहे ना?"

भाऊजी वाकले. मी वाकलो. बायको वाकली. बरोब्बर पंख्याच्या जाळीवर आईचा गुलाब फुलला होता! हात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा गरम.

तिघं सरळ उभे राहिलो. पलीकडे आई सुया हलवत गुणगुणत होती.

"तू सांग," भाऊजी माझ्या कानात म्हणाले. "तुझी आई आहे."

"मी स्वेटरच्या बाहीला लांब म्हणालो होतो, तेव्हा तिने अख्खा स्वेटर माझ्यासमोर बसून उसवला! दोन दिवस! तुम्ही सांगा. तुम्ही जावई."

"जावई म्हणूनच नको!"

"कोणीही सांगा," बायको दात आवळून म्हणाली, "पण सव्वातीनच्या आत!"

भाऊजींनी घसा साफ केला. "आई, एक सांगू? हे आवरण या जुनाट डब्यावर वाया जातंय हो! आमच्याकडे नवा कोरा कॉम्प्युटर आहे. त्याला शोभेल!"

आईच्या सुया थांबल्या. "खरंच आवडलं तुम्हाला?"

"म्हणजे काय! गुलाब तर... गुलाबच!"

आईने ते तिथल्या तिथे घडी घालून त्यांच्या पेटीवर ठेवलं. पाचला आठ मिनिटं असताना बेचाळिसावा शेरा गेला. यंदाचे शेरे पहिल्यांदाच नीट कळले, असं पालक म्हणतात.

पुढच्याच आठवड्यात आई लोकरीची पिशवी घेऊन ताईकडे राहायला गेली. जावयाला कदर आहे म्हणून! पंधरा दिवसांत तिथला टीव्ही, शिलाई मशीन, फ्रिज, सगळी मंडळी लोकरीत. नवा कॉम्प्युटर दर वीस मिनिटांनी डोळे मिटू लागला. शेवटी ताईच्या धाकाने भाऊजींनी आईला खरं कारण सांगितलं. वर जोडलं, "मला काही माहीत नव्हतं हो, हे तुमच्या मुलाने शोधून काढलं!"

तर हिशेब असा. बायकोची लाज राहिली, कॉम्प्युटरला हवा मिळाली, भाऊजी पुन्हा गुणी जावई ठरले. आणि भरपाई? आई परत आल्यापासून मी जिथे बसतो तिथली खिडकी ती सताड उघडते. "हवा लागते ना तुला!" चौथ्या दिवशी मी शिंकांनी बेजार झालो आणि बायको पांघरूण घेऊन धावली.

आईने तिचा हात धरला.

"नको गं झाकू त्याला. तापून बंद पडेल!"