फक्त एकाच बाजूचे वऱ्हाडी

बहिणीच्या, गोदीच्या, लग्नात कार्यालयाच्या दारावर फिरतं फाटक बसवायची हौस बद्रीनाथचीच. शेजारच्या कार्यालयातले पाहुणे चुकून आपल्याकडं जेवून जातात आणि मुलाकडच्यांच्या पंगतीत मुलीकडचे घुसतात, ही दोन्ही दुखणी त्याला मोडायची होती. पडद्यावर दोन प्रश्न ठेवले: मुलीकडचे? मुलाकडचे? एकाला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' आलं, तरच फाटक फिरायचं. प्रोग्राम लिहिणारे अशा अटीला करार म्हणतात. तो मोडला की प्रोग्राम जागचा हलत नाही.

करार पहिल्यांदा मोडला चतुराबाईंनी. त्या नवरीची सख्खी आत्या आणि नवऱ्या मुलाची आई. मामाची मुलगी करायची, ही घराची रीतच; त्यामुळं निम्मं वऱ्हाड दोन्हीकडचं. हे प्रोग्राम लिहिताना घरच्याच पोराच्या डोक्यात आलं नव्हतं. आत्यानं दोनदा 'हो' दाबलं. फाटक ढिम्म.

"बद्री, मुडद्या, नाय कुणाला म्हणू? भावाला का लेकाला?"

"बद्रीभाई, फुफीच्या मागं लई लाईन लागली ना," दारावर उभा केलेला मित्र गयास ओरडला. "कुछ करो!"

बद्रीनाथनं लॅपटॉप मांडीवर घेतला. 'दोन्ही उत्तरं वेगळी हवीत' होतं, तिथं 'सारखी हवीत' करून टाकलं. आत्या आत गेली, मागोमाग निम्मं वऱ्हाड गेलं. हुश्श म्हणेपर्यंत लॅपटॉपनं मान टाकली. चार्जर बजाजनगरच्या खोलीवर. फाटक मात्र नव्या अटीवर चालूच.

तेवढ्यात शेजारच्या कार्यालयातलं एक कुटुंब दार चुकून आलं. माणसं सज्जन. त्यांनी खरं तेच दाबलं: नाही, नाही. दोन्ही उत्तरं सारखी! फाटकानं त्यांना मानानं आत घेतलं.

आणि अडकले तात्यासाहेब. सोयगावहून पहाटे निघालेला नवरीचा मामा, फक्त मुलीकडचा. आत भटजी, "मामा, नवरीला आणा," म्हणून घसा कोरडा करत होते.

"मामा, दोन्हीकडं 'नाही' दाबा. उघडतंय!" बद्रीनाथ ओरडला.

"म्हंजी मी गोदीचा कुणीच नाय व्हय?"

"नुसतं दाबायचंय हो! मुहूर्त चाललाय!"

मामांनी फेटा सावरला आणि दाबलं. फाटक गर्रकन फिरलं.

भाचीला हाताला धरून त्यांनी बोहल्यापाशी आणलं, अंतरपाट दूर होईस्तोवर तिच्या पाठीशी उभे राहिले, अक्षता टाकल्या आणि चपला घातल्या.

"मामा, जेवण?"

"जेवण पाव्हण्यांचं असतंय, बाबा. मी कुणाचाच नाय. तूच तर दाबायला लावलंस."

बद्रीनाथ हात पुसत दारापर्यंत धावला. रिक्षा वळून गेली होती. आत सज्जन कुटुंब जिलेबी मागत होतं.

"एक बोलू?" गयास हळूच म्हणाला. "मामांना दोनदा 'हो' दाबायला सांगितलं असतं, तरीबी खुललं असतं ना?"

अट बद्रीनाथनंच बदलली होती. आत्याला आत घेणारं 'हो, हो' मामांनाही चाललं असतं. त्यानं घाईघाईनं फोन लावला.

"मामा, चुकलो. दोन 'हो' दाबले असते तरी फाटक उघडलं असतं."

पलीकडून रिक्षाच्या खडखडाटातून मामांचा आवाज आला.

"मग तुला 'नाय'च का सुचलं रे?"