मडिवाळप्पांची माळढोकाची लेन्स

मडिवाळप्पांनी माळढोक पाहिला होता. नान्नजच्या माळावर, भल्या सकाळी, चांगल्या शुद्धीत. पण पुरावा म्हणून त्यांच्याजवळ जो फोटो होता त्यात नुसतं गवत होतं आणि मधोमध मोहरीएवढा एक ठिपका. तो फोटो धुऊन देणारे स्टुडिओवाले कुंडलिकराव भर दुकानात म्हणाले, "साहेब, ही कुणाची तरी चुकार कोंबडी हाय."

तेव्हापासून विमा कचेरीतले हेडक्लार्क मडिवाळप्पा अख्ख्या गल्लीत 'कोंबडीवाले साहेब' झाले. जन्मात अंड्याला न शिवलेल्या लिंगायत माणसाला हे फारच लागलं. लांबचं जवळ आणणारी लेन्स घ्यायची आणि माळढोकाचा पिसन् पीस दिसेल असा फोटो कुंडलिकरावांच्याच काउंटरवर आपटायचा, असं त्यांनी ठरवलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांच्या कॅमेऱ्याच्या कंपनीची लेन्स ऐपतीबाहेरची होती, म्हणून दुसऱ्या कंपनीची घ्यायची, आणि तिथे दोन प्रकार निघाले. एक मोठ्या तोंडाची, पहाटेच्या अंधुक उजेडातही झटकन फोटो घेणारी, पण वरवंट्याएवढी जड. दुसरी हलकी, पण तिला ऊन चांगलं वर यायला हवं, आणि ऊन वर आलं की माळढोक गवतात शिरतो. मस्कतला असलेला मेहुणा बसलिंगप्पा रजेवर येताना लेन्स आणणार होता. त्याला फक्त एक तार करायची होती. मडिवाळप्पांचं ते काही केल्या ठरेना. सोमवारी मोठी, मंगळवारी हलकी. जेवताना तेच, झोपताना तेच. वजन पेलेल का हे बघायला ते खरोखरच वरवंटा डोळ्याला लावून खिडकीशी उभे राहू लागले.

"तो वरवंटा द्या हिकडं," त्यांच्या बायको रत्नम्मा म्हणाल्या. "चटणी वाटायची हाय."

"थांब गं. हात कापतोय का बघतोय."

"हात न्हाई, मलाच कापरं भरलंय. समोरच्या बाई खिडकी लावून घ्यायल्या."

शेवटी मडिवाळप्पांची आई नागव्वा वैतागली. "वीरभद्राला कौल लाव आणि मोकळा हो," ती म्हणाली. "तुझी बहीण कुटं द्यायची तेबी त्यानंच सांगितलं हुतं."

सोमवारी मायलेक देवळात गेले. पुजाऱ्याने देवाला दोन्ही बाजूंना फुलं लावली. उजवं पडलं तर मोठ्या तोंडाची, डावं पडलं तर हलकी. मडिवाळप्पा फुलांकडे बघत उभे राहिले. उजवं पडलं. ते तसेच तार ऑफिसात गेले आणि मोठ्या तोंडाची लेन्स आणायची तार करून आले. त्या रात्री त्यांना कितीतरी दिवसांनी झोप लागली.

बसलिंगप्पा आला, लेन्स आली. काळीभोर, लांबलचक. सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. मडिवाळप्पांनी ती कॅमेऱ्याला लावली. बसेना. उलटी फिरवली, सुलटी फिरवली. घामाघूम झाले तरी बसेना.

"दुकानदारानं इचारलं हुतं, कंच्या कॅमेऱ्याला?" बसलिंगप्पा चाचरत म्हणाला. "तुमच्या तारेत ते न्हवतं. मी म्हटलं, दाजींच्या. त्यानं लई खपती ती दिली."

मडिवाळप्पांनी लेन्स खाली ठेवली. इतके दिवस सगळ्यांचं डोकं खाऊन त्यांनी लेन्सचं सगळं ठरवलं होतं, फक्त ती कशाला लावायची तेवढं राहिलं होतं.

"देवानं तर सांगितलं की," ते रडवेल्या आवाजात म्हणाले.

"तू इचारलंस तेवढं सांगितलं," नागव्वा म्हणाली. "कॅमेरा कंचा, हे तू इचारलंच न्हाईस."

बसलिंगप्पा लेन्स परत न्यायला तयार होता, पण नागव्वा आडवी आली. कौलाने आलेली वस्तू या घरातून माघारी जाणार नाही, म्हणजे नाही. आता एकच उपाय उरला, लेन्सला बसणारा कॅमेरा शोधणं. आणि मडिवाळप्पांच्या माहितीत असा कॅमेरा सोलापुरात एकाच माणसाकडे होता.

कुंडलिकरावांनी लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर ठेवून नुसती फिरवली. टक्‌कन बसली.

"एक दिवस द्या की कॅमेरा," मडिवाळप्पा कसंबसं म्हणाले.

"माझा कॅमेरा माझ्याच गळ्यात ऱ्हातो, साहेब. मी येतो की संगं. बघू तर कंच्या जातीची कोंबडी हाय."

रविवारी उजाडायच्या आत दोघं कुंडलिकरावांच्या स्कूटरवरून नान्नजला गेले आणि बोरीच्या झुडपाआड पालथे पडले. बऱ्याच वेळाने लांब गवतात काहीतरी हाललं. कुंडलिकरावांनी लेन्स डोळ्याला लावली.

"आगागागा," ते हळूच म्हणाले.

"दिसला? दाबा बटण."

"थांबा वो. माणसाच्या कमरेएवढा हाय की. गळा फुगवायलाय. पिशवीगत लोंबतोय."

"फोटो घ्या ना."

"आता गोल फिरायलाय. शेपूट बघा, पंख्यावानी उभारलंय."

"मला कसं दिसणार? मला द्या जरा."

"गप की साहेब, उडंल."

कुंडलिकराव लेन्स लांब करत होते, जवळ आणत होते, आणि लग्नात नवऱ्यालासुद्धा हलू न देणारा हा माणूस लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून बघत होता. मडिवाळप्पा त्यांची बाही ओढत होते. बाही फाटली, तरी कुंडलिकरावांना पत्ता नव्हता. पक्षी उडून दिसेनासा झाल्यावर त्यांनी बटण दाबलं. आभाळाचा फोटो फार सुरेख आला.

दुसऱ्या दिवशी मडिवाळप्पा स्टुडिओत गेले, तेव्हा कुंडलिकराव हात पसरून गिऱ्हाइकांना सांगत होते, "एवढा! खोटं न्हाई सांगत. गळ्याची पिशवी हितपतूर."

"मग फोटो कुटाय?" एकाने विचारलं. दुकानात खसखस पिकली.

"ह्या साहेबास्नी इचारा," कुंडलिकराव घाईघाईने म्हणाले. "संगं हुते माझ्या. सांगा की साहेब."

सगळे मडिवाळप्पांकडे वळले. त्यांनी खुर्ची ओढली, सावकाश बसले, धोतराचा सोगा नीट केला.

"मला काय दिसलं न्हाई," ते म्हणाले. "लेन्स ह्यांच्या डोळ्याला हुती."