तांत्रिक अडचण दूर झाली

मुक्त सॉफ्टवेअर माणसाला स्वतंत्र करतं, अशी जावयाची ठाम श्रद्धा होती. सासूबाईंच्या आइस्क्रीमच्या कारखान्यातल्या एकुलत्या एका संगणकावर त्याने विंडोज काढून लिनक्स घातलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून कारखान्यात कुणाला काही छापायचं असलं, की समोरच्या औषधाच्या दुकानात जावं लागे.

परवान्याची मुदत संपत आली आणि अधिकारी तपासणीला येणार असं कळलं. शीतगृहाच्या भिंतीवर एक जुना डबा होता. दर दहा मिनिटांनी आतलं तापमान टिपून तो पोटात ठेवत असे. त्या सहा महिन्यांच्या नोंदी दाखवायच्या, नाहीतर ऐन उन्हाळ्यात कारखान्याला टाळं. पण डब्याची वायर आजच्या संगणकात कुठेच बसेना.

"एक ॲडॉप्टर लागतो, बस," जावई म्हणाला.

या 'बस'चा अनुभव घरात सगळ्यांना होता. सासूबाईंनी तपासणीच्या दिवशीची सकाळची बाकी सगळी कामं रद्द केली.

ॲडॉप्टर लावला. संगणकाने ओळख दाखवली आणि पाच सेकंदांत तो ती विसरला. तासाभराने शोध लागला, की ब्रेलची यंत्रं सांभाळणारा एक प्रोग्राम संगणकात आधीपासून बसलेला आहे आणि हा ॲडॉप्टर म्हणजे एखाद्या अंध वाचकाचं यंत्र, अशा समजुतीने तो त्याला दरवेळी आपल्या पंखाखाली घेतो.

"म्हणजे दिसत नाही म्हणून अडलंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही बाबा, फार काळजी घेतली जातेय म्हणून अडलंय."

तो प्रोग्राम काढला. मग संगणकाने कळवलं, की ही वायर वापरायची तुम्हाला परवानगी नाही. संगणक आपलाच ना, असं बायकोने विचारलं. आपलाच आहे, म्हणून तर मी मला परवानगी देतोय, असं त्याने समजावलं. परवानगी मिळून संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत ॲडॉप्टरने शून्य नंबरची जागा सोडून एक नंबरला बिऱ्हाड केलं होतं. तिथेही त्याला गाठला. नोंदी येऊ लागल्या आणि चाळीस टक्क्यांवर तुटल्या. पुन्हा चाळीस. पुन्हा चाळीस.

अकराला अधिकारी आले. मवाळ गृहस्थ होते. त्यांना आइस्क्रीमचा कप दिला गेला. तो खात खात त्यांनी पडद्यावरचा चाळीसचा आकडा तीनदा मरताना पाहिला.

"आमच्या ऑफिसातही हीच बोंब आहे हो," ते म्हणाले. "चार ॲडॉप्टर आणले, चारही उंडगे."

त्यांच्या तपासणीच्या फॉर्मात 'नोंदी उपलब्ध नाहीत, तांत्रिक अडचण' असा एक रकाना होता. तिथे खूण करतो, सही करतो, नोंदींचं पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. जावयाचा मात्र चेहरा पडला.

"साहेब, दोन मिनिटं द्या. अडचण निघाल्याशिवाय राहणार नाही."

"जावईबापू, राहू द्या ना," सासूबाई म्हणाल्या. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण एवढं काकुळतीला येऊन त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"नाही आई. उगाच लिनक्सचं नाव खराब होतं."

"अहो, साहेबांना घाई आहे," बायकोने सुचवून पाहिलं. साहेबांना घाई नव्हती. कप अर्धा बाकी होता.

आणि अडचण खरंच निघाली. वीज वाचवायची म्हणून लिनक्स ॲडॉप्टरला मध्येच झोपवत होतं. जावयाने एक ओळ लिहून ती झोप मोडली. चाळीस, साठ, नव्वद, शंभर. त्याने पडदा अभिमानाने अधिकाऱ्यांकडे वळवला.

अधिकाऱ्यांनी चष्मा लावला. आलेखाची रेघ उणे अठरावर सरळ चालली होती. फक्त रोज दुपारी दोनला ती सरसर वर चढून उणे तीनला टेकत होती आणि चारनंतर सावकाश खाली उतरत होती. सहा महिने, एकही दिवस न चुकता. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"दुपारी दोन ते चार इथे काय होतं?"

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं, मुलीने वडिलांकडे पाहिलं, आणि सासऱ्यांनी शीतगृहाच्या दाराशी, अगदी उंबऱ्याला लावून ठेवलेल्या आपल्या आरामखुर्चीकडे पाहिलं.

"उकडतं हो," ते म्हणाले.

कारखाना उन्हाळाभर बंद राहिला. ॲडॉप्टर चालू आहे.