सुमनताईंची फुंकणी

सुमनताईंच्या मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी मागायला जा, त्या आधी विचारतात, "जिना चढताना दम लागतो का?" आमच्या तिसगावात जिने फार नाहीत, त्यामुळे माणूस गोंधळतो. तो गोंधळला की ताई काउंटरखालून एक पांढरी नळी काढतात, तिला पुठ्ठ्याचं नवं तोंड बसवतात आणि म्हणतात, "फुंका."

नळीवर आकडे असतात आणि एक लाल काटा. जोरात फुंकलं की काटा पुढे सरकतो. दम्याच्या माणसाची छाती आज कितपत मोकळी आहे, ते त्यावरून समजतं. यंत्राला कंपनीने काहीतरी इंग्रजी नाव दिलेलं आहे, पण ते गावात कोणाला सांगता येत नाही. गाव त्याला फुंकणी म्हणतं.

माझं भांड्यांचं दुकान त्यांच्या मेडिकलला लागून. मधे एक भिंत आहे, पण ताईंच्या आवाजापुढे तिचं काही चालत नाही. "श्वास घ्यायला सगळ्यांना येतं, सोडायला शिका," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कधीकधी हंड्याची किंमत सांगताना ते माझ्याच तोंडात येतं. गिऱ्हाईक बिचारं एक सुस्कारा सोडतं आणि किंमत कमी होईल म्हणून वाट बघतं.

बाजाराच्या दिवशी फुंकणीपुढे रांग लागायची. औषध घ्यायला आलेले थोडे आणि जोर अजमावायला आलेले जास्त. एकदा एक पैलवान आला. शर्टाची वरची बटणं उघडी, मान बैलासारखी. त्याने छाती भरून घेतली तेव्हा समोरची माणसं मागे सरकली. फुंकलं, आणि काटा अर्ध्यातच थांबला. त्याच्यामागे बांगड्यांची टोपली घेतलेली म्हातारी उभी होती. तिने सहज फुंकलं आणि काटा त्याच्या पुढे गेला. लोक हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पैलवानाला बाकड्यावर बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "पहाटे खोकला येतो ना?" पैलवान म्हणाला, "तुमाला कोनी सांगितलं?" ताईंनी त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे धाडलं. आता तो पंप लंगोटाच्या पिशवीत ठेवतो आणि कुस्त्याही करतो.

आमचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना डॉक्टरांनी दम्याच्या कॅप्सूल दिल्या होत्या. या कॅप्सूल एका छोट्या यंत्रात घालून आतली पूड श्वासाबरोबर ओढायची असते. गुरुजी दुसऱ्या गावाहून औषध आणायचे, एकदा ते संपलं म्हणून ताईंकडे आले. ताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कसं घेता, दाखवा." गुरुजी म्हणाले, "त्यात काय दाखवायचं? नेमाने घेतो. दुधाबरोबर."

ताईंनी हातातलं पाकीट काउंटरवर ठेवलं. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या पोटाला दमा होणार नाही, याची मी खात्री देते. आता छातीचं बघू."

तेव्हापासून त्यांचा नियमच झाला. पंप नवा असो की जुना, काउंटरपुढे उभं राहून घेऊन दाखवल्याशिवाय कोणी पायरी उतरायचं नाही. कोणी अत्तरासारखा तोंडावर मारायचं, कोणी दाबून झाल्यावर श्वास घ्यायचं. ताई प्रत्येकाला पुन्हा करायला लावायच्या. शेवटी चूळ भरायला पाणी द्यायच्या, कारण चूळ भरली नाही तर तोंड येतं. त्या चुळा माझ्या दुकानाच्या बाजूच्या गटारात पडत. मी तक्रार केली तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या दुकानाशेजारून एवढी माणसं बरी होऊन जातात, आणि तुम्ही गटाराचं काय घेऊन बसलात?"

पावसाळा सरला की गावाभोवती गाजर गवत माजतं. त्याच्या फुलोऱ्याने दमेकऱ्यांचे हाल होतात. ताई पहाटे तोंडाला फडकं बांधून, हातात मोजे घालून एकट्याच ते उपटत सुटायच्या. गावात नवीन आलेल्या एका कंडक्टरने त्यांना बघून बस थांबवली होती. त्याला वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

अशा या ताईंची गाठ कौसाबाईशी पडली.

कौसाबाई वस्तीवर राहणारी. घरची थोडी कोरडवाहू जमीन, त्यामुळे दिवाळीच्या सुमाराला सगळं घर ऊसतोडीला जायचं. तिची सून रेखा. अंगाने शिडशिडीत, बोलायला कमी. रेखा दर थोड्या दिवसांनी यायची आणि निळा पंप मागायची. दोन-तीनदा ताईंनी तिला टोकलं. "अगं, हा धाप लागल्यावर घ्यायचा पंप आहे. इतक्या लवकर संपतो म्हणजे दमा आटोक्यात नाही. डॉक्टरकडे जाऊन ये." रेखा मान हलवायची आणि सासू बाहेर उभी आहे का ते बघायची.

मग तो बाजाराचा दिवस उजाडला. कौसाबाई माझ्याकडे पातेलं बघत होती. कोणीतरी रस्त्यावर बाजरीची पोती झटकली. धूळ उठली आणि रेखा खोकायला लागली. खोकता खोकता माझ्या पायरीवर बसली. तिच्या खांद्यांची उचल बघून माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिला बोलता येईना. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. एकाने कांदा आणला, दुसऱ्याने चप्पल हुंगवा म्हणून सांगितलं. कौसाबाई "देवा, देवा" म्हणत तिला आडवं निजवायला लागली.

"निजवू नका तिला," ताईंचा आवाज आला. त्या पंप आणि एक फुगीर प्लास्टिकची नळी घेऊन आल्या होत्या. पंपाला ती नळी जोडली की औषध तोंडातच न राहता छातीत उतरतं. त्यांनी गर्दीला नुसता हात दाखवला आणि गर्दी मागे हटली. रेखाला ताठ बसवलं. नळी तिच्या तोंडात दिली. "माझ्याकडं बघ. बोलू नको. मी आहे इथं. हळू ओढ. आता हळू सोड." एकदा, मग थांबून पुन्हा, मग पुन्हा. एरवी भिंत भेदणारा तो आवाज इतका मऊ होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

हळूहळू रेखाच्या ओठांवर रंग आला. लोक पांगायला लागले. कौसाबाई पदराने डोळे पुसून म्हणाली, "चल गं, बरं वाटलं ना? बाजार राहिलाय."

"बाजार राहू दे," ताई म्हणाल्या. "भाऊ, तुमचा टेम्पो काढा. पाथर्डीला जायचंय."

भर बाजाराच्या दिवशी त्यांनी मेडिकलचं शटर पाडलं. असं मी पहिल्यांदाच बघत होतो. माझंही दुकान बंद झालं, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

टेम्पोत पुढे माझ्याजवळ रेखाला खिडकीशी बसवलं. मागे भांड्यांच्या रिकाम्या खोक्यांत ताई आणि कौसाबाई. मधली काच फुटलेली, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"डाक्टर रोजचा पंप देनार," कौसाबाई म्हणाली. "एकदा पंप लागला की सुटत न्हाई. सवय लागती."

"मावशी, तुम्ही मिसरी कधीपासून लावता?"

"लगीन झाल्यापून."

"तिची सवय लागली का?"

"तिची कशाला सवय लागंल? सकाळी लागतीच ती."

गाव मागे पडल्यावर ताईंनी दुसरीकडून सुरुवात केली. "तुम्ही कामाला जाता त्या शेजारच्या मळ्यात ठिबक आहे ना? नळी आतून क्षाराने बारीक झाली की पाणी येतं का?"

"थेंब थेंब येतं."

"तसं हिच्या छातीतल्या नळ्यांना आतून सूज आलीय. निळा पंप नळी घडीभर मोकळी करतो, पण सूज जाग्यावरच राहते. म्हणून परत परत धाप लागते. रोजचा पंप असतो तो सूज उतरवतो. बरं वाटलं तरी घ्यायचा. आपण काय ठिबक चोंदल्यावरच साफ करतो?"

"आमी तवाच करतो," कौसाबाई म्हणाली. पण तिचा आवाज खाली आला होता. जरा वेळाने तिने विचारलं, "मरनार न्हाई ना ती?"

"औषध नीट घेतलं तर चांगली म्हातारी होईल. तुमच्यासारखी भांडेल."

पाथर्डीच्या डॉक्टरांनी रेखाला तपासलं, वाफ दिली, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि रोजचा पंप लिहून दिला. त्या दिवसापासून कौसाबाई सुनेला घेऊन मेडिकलला यायला लागली. आधी पहारा दिल्यासारखी उभी राहायची. मग पायरीवर बसायला लागली. मग रेखाला स्वतःच सांगायला लागली, "अगं, आधी श्वास सोड, मग दाब. ताईनं काय सांगितलं?" फुंकणीचा काटा वर चढत होता, आणि तो चढला की कौसाबाई माझ्याकडे बघायची, जणू फुंकर तिनेच मारली आहे.

दिवाळी झाली. ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागल्या. ताई रेखाला जाऊ नको म्हणाल्या नाहीत. जावं लागणार होतं, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी तिला बसवून सगळं समजावलं. पाचट पेटवतात तेव्हा धुराच्या बाजूला थांबायचं नाही. तोंडाला ओलं फडकं बांधायचं. निळा पंप खोपीत नाही ठेवायचा, कमरेच्या पिशवीत ठेवायचा. निळा जास्त लागायला लागला तर कोयता ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. मग म्हणाल्या, "आणि मी फोन करीन."

फोन रोज संध्याकाळी व्हायचा. शटर पाडायच्या आधी त्या बाकड्यावर बसायच्या. "घेतला का?" एवढं मला ऐकू यायचं, आणि मग मी माझं दुकान आवरून घरी जायचो. फोनवर बहुतेक कौसाबाईच असायची. तिने तिकडे सगळ्या टोळीला वळण लावलं होतं म्हणे. दमा असलेल्या आणखी एका बाईचा पंप तिने शोधून काढला, ती तो कसा चुकीचा घेते ते दाखवलं, आणि वर तिला चूळ भरायला लावली. मुकादम खोकला तरी कौसाबाई त्याला विचारायची, "पहाटं येतो का?"

उन्हाळ्यात माणसं परतली. रेखा डोक्यावर बोचकं घेऊन आली. बोचकं उतरवलं आणि सरळ बोलायला लागली. मधे थांबावं लागलं नाही. सबंध हंगामात तिला एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नव्हतं. ताई म्हणाल्या, "पंप दाखव, कसा घेतेस." रेखाने दाखवला. ताईंनी त्यातही एक चूक काढली.

पावसाळ्यात ताई आजारी पडल्या. चिकनगुनिया. मला कळलं ते मेडिकल उघडलं नाही तेव्हा. त्या दुकानाच्या मागच्या खोल्यांत एकट्या राहतात. आईवडिलांचं करायला म्हणून गावात राहिल्या, ते गेले, भाऊ पुण्याला स्थायिक झाला. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्या खोल्यांत कधी गेलो नव्हतो. बायकोने डबा दिला तेव्हा गेलो.

दार उघडंच होतं. ताई खाटेवर पडलेल्या, बोटं सुजलेली. पायाशी कौसाबाई बसून पाय चेपत होती. रेखा फरशी पुसत होती.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी कौसाबाईला विचारलं.

"काल सांच्याला फोन आला न्हाई," ती म्हणाली. "तवा सकाळची पयली जीप धरली."

"अजून फोन चालू आहेत? तुम्ही तर परत आलात."

"चालूच हायेत. आवो भाऊ, पंपाचं काय, दोन शब्दांत व्हतं. मंग ह्या इचारायच्या, आज कालवन काय केलं? कोन काय बोललं? शेळी व्याली का? पार मोबाईल तापंपतुर. मी ह्यांला म्हनायची, ताई, तुमी जेवला का? तर म्हनायच्या, जेवते आता, तुमी बोला."

ताईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "मावशी, गप्प बसा," त्या म्हणाल्या, पण त्या आवाजाने आज काडीसुद्धा हलली नसती.

मी डबा कुठे ठेवावा ते बघत उभा राहिलो. कौसाबाईने चेपायचं थांबवून विचारलं, "आज मी इचारते. काय खावंसं वाटतंय?"

ताईंकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असतं. हा प्रश्न मात्र त्यांना अवघड गेला. त्यांनी सुजलेल्या बोटांनी चादर वर ओढली. मग म्हणाल्या, "आठवतच नाही हो मावशी. इतक्यात कोणी विचारलं नव्हतं."

"आठवा सावकाश. आमाला कुटं जायाचंय?"

बाहेरून एसटीचा हॉर्न आला.

"पिठलं," ताई म्हणाल्या. "पातळ. लसूण जास्त घालून."

रेखाने फडकं पिळून ठेवलं, हात धुतले आणि डाळीच्या पिठाचा डबा शोधायला आत गेली. मी माझा डबा उघडलाच नाही. तसाच कौसाबाईजवळ बसलो आणि लसूण सोलायला घेतला.